नाव यादीत नसेल तर आधार दाखवून मत देता येतं का? (आपल्या ग्रुपवरची कालची चर्चा)

बी 204: (फॉरवर्डेड) यादीत नाव नसेल तर घाबरू नका!! आधार किंवा व्होटर कार्ड दाखवा आणि कलम 49 ए खाली चॅलेंज व्होट मागा. 14 टक्क्यांच्या वर टेंडर व्होट पडले तर त्या बूथवर फेरमतदान होतं. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

ए 503: काका हा मेसेज दर इलेक्शनला उगवतो, 2019 ला पण फिरत होता. चुकीचा आहे. मी दोनदा इलेक्शन ड्यूटी केलीय म्हणून सांगते, यादीत नाव नाही म्हणजे मत नाही, मग आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट. कार्ड फक्त यादीतला माणूस तो तुम्हीच का हे बघायला असतं. आणि चॅलेंज व्होट म्हणजे भलतंच, समोर आलेला माणूस बोगस वाटला तर पार्टीचा पोलिंग एजंट आक्षेप घेतो, त्याला 2 रुपये भरायला लागतात, हो दोनच, आणि उगाच त्रास द्यायला आक्षेप घेतला असेल तर तेही जप्त 😄

बी 204: अरे देवा. सकाळीच तीन ग्रुपवर टाकलाय.

सी 101: मग टेंडर व्होट काय प्रकार आहे? मागच्या वेळी सासूबाई गेल्या तर त्यांच्या नावावर आधीच कोणीतरी मत टाकून गेलेलं. तिथले म्हणाले आता काही होणार नाही, परत आल्या बिचाऱ्या, दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत.

ए 503: अगं चुकीचं सांगितलं त्यांना. तिथेच केंद्राध्यक्षाकडे जायचं, ते ओळख पटवायला दोनचार प्रश्न विचारतात, पटलं की कागदी मतपत्रिका देतात, वेगळ्या यादीत सही घेतात. मशीनचं बटण दाबायला मिळत नाही. शिक्का मारून घडी घालून त्यांच्याकडे द्यायची, ती पाकिटात जाते. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत हे खरं, प्रकरण कोर्टात गेलं तरच त्याचा प्रश्न येतो. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी 1 मताने पडले होते, ते टेंडर मतांचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 14 टक्के वगैरे नियमच नाहीये कुठे.

डी 402: मॅडम माझं व्होटर कार्ड जुन्या पत्त्याचं आहे, दुसऱ्या मतदारसंघाचं, चालेल का

ए 503: इथल्या यादीत नाव आलंय ना? मग जुनं कार्ड चालतं. नाव तिकडेच असेल तर तिकडे जाऊनच मत द्यायचं. बदलायचं तर फॉर्म 8 भरा पण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी बंद, त्यामुळे आधीच भरा.

सी 302: रेशन कार्ड चालतं ना गं? माझं व्होटर कार्ड कुठे ठेवलंय देव जाणे

ए 503: नाही काकू. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं बँक पासबुक, पेन्शनचे फोटोवाले कागद यातलं एक घ्या, अजून पण काही आहेत लिस्टमध्ये. आणि घरी वाटतात ती मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नाही, 2019 पासून बंद. चिठ्ठीवरून भाग नंबर आणि अनुक्रमांक पटकन सापडतो एवढंच.

ए 104: डिजिलॉकर?

ए 503: मोबाइल आत नेऊ देत नाहीत, दाखवणार कशात? कार्डच घ्या हातात.

बी 204: आमचे अण्णा 86 चे, जिना उतरणं होत नाही आता.

ए 503: वय 85 च्या वर असेल किंवा 40 टक्के अपंगत्व असेल तर घरून मत देता येतं, 12 डी फॉर्म. पण तो निवडणुकीचं नोटिफिकेशन निघाल्यापासून 5 दिवसांत द्यावा लागतो, बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी) घरी येतात, बेल वाजली की दार उघडा, सेल्समन समजू नका 😀 आणि एकदा हे घेतलं की मग बूथवर जाऊन मत देता येत नाही. मी गेले होते अशा टीमबरोबर. आम्ही दोघे, पोलीस आणि व्हिडिओवाला. डायनिंग टेबलवर पुठ्ठ्याचा आडोसा लावला आणि सुनबाईंना म्हटलं तुम्ही जरा गॅलरीत थांबा, तर आजोबा म्हणतात हिलाच तर सांगायचं नाहीये मला!

सी 101: 😂😂

डी 402: दुबईत भाऊ आहे, ऑनलाइन काही?

ए 503: ऑनलाइन मतदान नाहीच आपल्याकडे. भारतीय पासपोर्ट असेल तर फॉर्म 6 ए भरून नाव लावता येतं पण मत द्यायला इथे यायचं, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. ते कोणी विमानाचं तिकीट काढून येत असेल तर हात जोडून नमस्कार.

बी 204: ते फॉरवर्ड डिलीट फॉर एव्हरीवन होईना, वेळ गेली म्हणतंय. आता तिन्ही ग्रुपवर तुझा मेसेज टाकू का?

ए 503: टाका, माझं नाव काढून.