मदत हवी आहे : जावामध्ये फोटो तिरका फिरवला की कडा दातेरी येतात

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानाच्या कॅटलॉगचं काम आहे. गडद पार्श्वभूमीवरचे ४०००×३००० पिक्सेलचे फोटो ३० अंशांत फिरवून पांढऱ्या पानावर ठेवायचेत.

कोपरे कापले जात नाहीत. नवी रुंदी म्हणजे रुंदी × कोसाइन अधिक उंची × साइन, उंचीसाठी त्याच्या उलट. वर पूर्णांक धरून कॅनव्हास ४९६५×४५९९. अफाइनट्रान्सफॉर्ममध्ये (चित्र सरकवण्या-फिरवण्याचा जावाचा क्लास) आधी नव्या मध्यावर ट्रान्सलेट (सरकवणं), मग रोटेट (फिरवणं), शेवटी जुन्या मध्याइतकं उणे ट्रान्सलेट. हा क्रम चुकला की चप्पल पानाबाहेर जाते. जेपेगला पारदर्शकता नसते, म्हणून आरजीबी (लाल-हिरवा-निळा, पारदर्शकतेविना) बफर्डइमेज, म्हणजे मेमरीतलं चित्र, घेऊन आधी पांढरा रंग भरलाय. नाहीतर कोपरे काळे येतात.

अडलंय ते कडांवर. बायलिनियर इंटरपोलेशनने (शेजारच्या चार पिक्सेलांवरून रंग काढण्याची पद्धत) आतला भाग, अगदी वेणीची वीणसुद्धा, सुरेख येते, पण फोटोची बाहेरची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. अँटिअलायझिंगची (कडा मऊ करण्याची) हिंट, म्हणजे सेटिंग, चालू आहे, पण ती आकारांना लागते, चित्र काढणाऱ्या ड्रॉइमेजला नाही.

दोन उपाय दिसतात : फोटोभोवती २ पिक्सेलची पारदर्शक किनार देऊन एआरजीबीमध्ये (आरजीबी अधिक पारदर्शकता) फिरवणं, किंवा टेक्श्चरपेंटने (चित्रच रंगासारखं वापरून) फिरवलेला आयत भरणं. पहिल्यात आणखी एक प्रत लागते, आणि नुसता कॅनव्हासच सुमारे ९१ एमबी खातो. एका दमात ३०० फोटो करायचे तर यातलं काय टिकेल? टेक्श्चरपेंटमध्ये बायलिनियर हिंट नीट पाळली जाते का? कुणी मोठ्या फोटोंवर वापरलं असेल तर कृपया कोडसह सांगा.