चारी अरुंद केली की पाणी बसतं की फुगतं? मदत हवी आहे

मंडळी, सिव्हिलचा डिप्लोमा करून दहा वर्षं झाली, हायड्रॉलिक्स पार गंजलंय.

आमच्या शेताकडेने काँक्रीटची चौकोनी चारी जाते. रुंदी ३ मीटर, आवर्तन चालू असताना खोली १.२ मीटर, विसर्ग सेकंदाला ३.६ घनमीटर. रस्त्याखालच्या मोरीत रुंदी २ मीटर होते. तिथं पाणी चढणार, असं वडील पैजेवर सांगत होते. प्रत्यक्षात मोरीच्या तोंडाशी ते खाली वाकतं. पाणी बंद झाल्यावर मोजलं, आतल्या भिंतीवरची शेवाळाची रेघ बाहेरच्यापेक्षा ८ सेंटिमीटर खाली आहे. बाहेरची आणि आतली ऊर्जा समान धरून केलेल्या गणितानेही आत १.१२ मीटरच येतं.

आता मोरी ढासळलीय. कंत्राटदाराकडे १.२ मीटर रुंदीचे तयार बॉक्स पडून आहेत, तोच एक टाकू म्हणतो. तेच समीकरण लावलं तर एक्सेलमधलं गोल सीक (उत्तर जुळेपर्यंत आकडा बदलून बघणारं साधन) नुसतं भिरभिरतंय, खोली मिळतच नाही. तळ सपाट, घर्षण सोडून दिलंय. चुकतंय कुठे? मोरीच्या वरच्या अंगाला चारीची भिंत दीडच मीटर उंच आहे.

उत्तर: चुकत नाहीये दादा, त्या समीकरणाला उत्तरच नाही. तुमच्या पाण्याची विशिष्ट ऊर्जा (तळापासून धरलेली, मीटर उंचीत मोजलेली ऊर्जा) १.२५ मीटर: खोली १.२, उरलेले ५ सेंटिमीटर वेगाचे. तेवढ्यावर ३.६ चा विसर्ग जास्तीत जास्त दीड मीटर रुंदीपर्यंत निभतो. १.२ मीटरमधून जायला १.४६ लागतात. मग पाणी वरच्या अंगाला तुंबून ती कमाई करतं, खोली किमान १.४२ होते. म्हणजे वडील पैज हरले ते २ मीटरच्या मोरीत, १.२ च्या बॉक्समध्ये जिंकतील.

बॉक्समध्ये क्रांतिक खोली येईल, म्हणजे तेवढा विसर्ग कमीत कमी ऊर्जेत जातो ती खोली, ०.९७ मीटर. कालव्यावरचं स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम (विसर्ग मोजायला बांधलेला अरुंद भाग) मुद्दाम हेच करतं, म्हणून वरच्या अंगाची खोलीची एकच पट्टी वाचून विसर्ग कळतो. तुम्हाला मात्र ते फुकटात नकोय. भिंतीला ८ सेंटिमीटर उरतात, एक बाभळीची फांदी अडकली की पाणी शेतात.

बॉक्स टाकायचेच तर दोन शेजारी-शेजारी टाका, तळ आहे त्याच पातळीला ठेवून. मधल्या भिंतीचं नाक गोल करा आणि दोन्ही कडांना तिरक्या भिंती द्या.

धागाकर्ता: म्हणजे १.२ ही वरची खोली मी कायम धरली, तिथंच फसलो! दोन बॉक्सचं बोलून बघतो. मधल्या नाकावर कचरा अडकू नये म्हणून जाळी किती अलीकडे लावू?