साइडकार सरबतासारखी लागते, अलेक्झांडरमध्ये लोणी निघतं. काय चुकतंय?

तापीकाठ

मंडळी, ब्रँडीची जुनी कॉकटेल्स घरी बसवतोय. साइडकारला ब्रँडी ३० मिली, ट्रिपल सेक ३० मिली आणि लिंबाचा रस ३० मिली असं समसमान घेतलं. ट्रिपल सेक म्हणजे मॉकटेलच्या सिरपांमध्ये मिळते ती बाटली. लिंबं कागदी, दाबयंत्रात पिळलेली. झालं काय, तर आंबटगोड सरबत. ब्रँडी लागतच नाही आणि मागाहून जिभेवर कडू येतं.

ब्रँडी अलेक्झांडरला घरची साय घातली. बरणीत हलवल्यावर वर कण तरंगले, दिसायला थेट ताक. क्रेम द काकाओ (कोकोच्या चवीचं गोड मद्य) हाताशी नाही, त्याला पर्याय सांगा. घरात अंडं चालत नाही, मग सावरचा (ब्रँडी, लिंबू आणि साखरेच्या पाकाचं कॉकटेल) फेस कसा आणायचा? आणि हे सगळं भुसावळच्या मे महिन्यात, म्हणजे बर्फाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

केळीचा घड

भो, समसमान प्रमाण चुकीचं नाही, जुनं आहे. १९२२ मध्ये साइडकारची कृती पहिल्यांदा पुस्तकांत छापून आली तेव्हा तसंच होतं. पण त्यातलं ट्रिपल सेक म्हणजे ४० टक्के अल्कोहोलचं संत्र्याच्या सालीचं लिक्युअर, म्हणजे गोड मद्य. तुमची बाटली म्हणजे नुसता साखरेचा पाक आणि वास. लेबल बघा, अल्कोहोलचा आकडाच नसेल. म्हणजे पेल्यातलं निम्मं मद्य गेलं आणि साखर कितीतरी वाढली. सरबतच होणार.

सिरपच वापरायचं असेल तर ब्रँडी ६० मिली, सिरप १० मिली, कागदी लिंबाचा रस २० मिली. आधी एवढंच करून बघा. आंबट वाटलं तर सिरप अर्ध्या चमच्यानं वाढवा, रस कमी करू नका. खरं लिक्युअर मिळालं तर आता बारमध्ये चालतं ते प्रमाण ५०, २० आणि २०.

कडू कशामुळे? दाबयंत्रामुळे. कागदी लिंबाची साल पातळ, दाबली की सालीतलं तेल आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो. लिंबू आडवं कापून हातानं पिळा, शेवटचा थेंब काढायच्या नादी लागू नका. रस लगेच गाळा आणि त्याच दिवशी संपवा. आदल्या दिवशी काढून फ्रिजमध्ये ठेवलेला रस बेचव होतो.

मोसंबीचा रस घालून आंबटपणा मऊ करा असं कोणी सांगेल. नका करू. मोसंबीला आंबटपणाच नाही, पेला फक्त पातळ होतो.

संत्र्याचा खरा वास हवा असेल तर सालीचा पाक करा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सालकाढणीनं नीट निघत नाही. बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी थर किसायचा, पांढरा भाग आला की कडू झालंच. चार संत्र्यांचा कीस १०० ग्रॅम साखरेत चोळून सहा तास झाकून ठेवा. साखर ओली, चिकट होते. मग ५० मिली गरम पाणी घालून विरघळवा आणि गाळा. हाही १० मिलीच घ्यायचा. बाजारच्या सिरपापेक्षा शंभर पटीनं बरा.

काळा मसाला

अलेक्झांडरमध्ये कण आले ते फाटल्याचे नाहीत. तुम्ही घुसळण केलीत! गार साय बरणीत जोरात हलवली की लोणीच निघणार, आपल्या आज्या हेच करत होत्या. शिवाय साय तापवलेल्या दुधाची असते, तिच्यात आधीच गुठळ्या असतात. गाळून काढलं तरी तो पोत येत नाही.

टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम घ्या, फ्रिजमधून काढल्या काढल्या. मूळ प्रमाण सोपं आहे: ब्रँडी, तपकिरी क्रेम द काकाओ आणि क्रीम प्रत्येकी ३० मिली. काकाओ नसेल तर कोको पावडर १० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, पाणी १०० मिली. कोको आधी थोड्या गरम पाण्यात घोटून घ्या, नाहीतर गाठी राहतात. मग दोन मिनिटं उकळा आणि गार झाल्यावर फडक्यानं गाळा. या पाकात मद्य नाही, म्हणून ब्रँडी ४५ मिली, पाक २० मिली, क्रीम ३० मिली. आइस्क्रीमवर ओततात ते चॉकलेट सिरप वापरायचं असेल तर आधी ब्रँडीत ढवळून विरघळवा. थेट बर्फावर टाकलं तर तळाशी चिकटून बसतं.

बर्फासकट दहा-बारा सेकंद हलवा आणि थांबा. वर जायफळ ताजं किसून, दोन चिमटीसुद्धा जास्त होतात. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह आवरा. 

बोरीचं पाणी

सावरसाठी काबुली चण्याचं पाणी. चणे बिनमिठाचे, बिनसोड्याचे शिजवा. कुकरमधलं पाणी पातळ असतं, त्याला फेस धरत नाही. चणे काढून ते पाणी आटवा, गार झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार यायला हवी. ब्रँडी ६० मिली, लिंबू २०, साखरेचा पाक २० (साखर आणि पाणी समसमान), चण्याचं पाणी २५ मिली. आधी बिनबर्फाचं पंधरा सेकंद हलवा, मग बर्फ घालून पुन्हा बारा सेकंद.

बिनबर्फाचं हलवताना झाकण घट्ट धरा. बर्फ असला की आतली हवा गार होऊन झाकण आत ओढलं जातं, बर्फाशिवाय उलटं होतं आणि झाकण उडतं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. काचेची बरणी नको, बर्फाच्या माराने तडकते, आणि लोणच्याची असेल तर वास जन्मात जात नाही. चण्याचा किंचित वास येतोच, तो अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) तीन थेंब फेसावर टाकले की झाकतो.

आता बर्फ. मे महिन्यात खरी चूक तिथेच होते. ट्रेमधून काढून वाटीत ठेवलेला बर्फ वरून ओला होतो आणि ते पाणी हलवायच्या आधीच पेयात जातं. बाकी सगळं मापून तयार ठेवा, बर्फ शेवटी फ्रीजरमधून थेट डब्यात. नऊ-दहा मोठे खडे. कमी घातले तर लवकर वितळतात आणि पेय जास्त पातळ होतं, हे उलटं वाटलं तरी खरं आहे. नीट हलवलेल्या ९० मिलीचे साधारण १२० मिली होतात, तेवढं पाणी लागतंच. ग्लास पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये, ब्रँडीची बाटली फ्रिजमध्ये. दिवे गेले असतील तर त्या दिवशी कॉकटेलचा नाद सोडा. कारखान्यातली बर्फाची लादी बाहेरून गार करायला ठीक, पेल्यात नाही.

माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं मिलीच्या रेघांचं झाकण वापरा. "एक चमचा" हे कॉकटेलचं माप नव्हे.

तापीकाठ

६०-१०-२० करून पाहिलं. कडूपणा गेला, ब्रँडी लागतेय. पण ब्रँडीच जरा तिखट, घशाला लागणारी वाटते. ती बदलायची का?

केळीचा घड

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. 'ग्रेप ब्रँडी' असेल तर द्राक्षाची. 'ब्लेंडेड' असेल तर तिच्यात दुसरं स्पिरिट मिसळलेलं असतं, आपल्याकडे ते बहुतेक मळीचं. ती सावरमध्ये खपून जाते, साइडकारमध्ये उघडी पडते. फार महागाची कोन्याक (फ्रान्सची द्राक्षाची ब्रँडी) मात्र लिंबात बुडवू नका, व्हीएस म्हणजे सगळ्यात कमी मुरवलेल्या दर्जाची पुरे. आणि आपल्या बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या, कोन्याक साधारण ४० ची. तो फरक दोन-तीन सेकंद जास्त हलवून भरून निघतो.

काळा मसाला

ग्लासच्या कडेला साखर लावत असाल तर अर्ध्याच कडेला, बाहेरच्या बाजूनं. पूर्ण कडेला लावली की प्रत्येक घोट गोड, आणि मग परत तुम्हीच लिहिणार, सरबत झालं म्हणून. भरीत-पुरीच्या आधी प्या, बरोबर नाही. हिरव्या मिरचीपुढे साइडकारचं काही चालत नाही.

बोरीचं पाणी

साखरेचा पाक बाहेर ठेवू नका भाऊ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत फेसाळतो. फ्रिजमध्ये दोन आठवडे.