ग्रीन टी कडू होतो तो पाण्यामुळे
कडू लागतो म्हणून पानं कमी घाला, असा सल्ला काही जण देतात, तो मला पटला नाही. पानं कमी केली की कडवटपणाबरोबर चवही जाते. खरा घोळ उकळत्या पाण्याचा आहे. कॅटेचिनं, म्हणजे चहाच्या पानातली कडू-तुरट द्रव्यं, कढत पाण्यात भराभर उतरतात. ग्रीन टीला ७० ते ८० अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी आधी एका रिकाम्या कपात ओता, मग दुसऱ्यात. दर वेळी ते बरंच निवतं.

ऊलाँगचं, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधल्या प्रकारच्या चहाचं, मात्र उलटं, त्याला जवळपास उकळतंच पाणी हवं. आणि एकदा गाळून ती पानं टाकू नका हो, त्यांवर पुन्हा पाणी ओता! गोळीसारखी वळलेली पानं पहिल्या पाण्यात जेमतेम उलगडतात. मला तिसरं पाणी सगळ्यात आवडतं, तोवर पान देठासकट पसरलेलं असतं आणि फुलांसारखा वास येतो.