मदत हवी आहे: बाबांना चॅट्सवर्थला न्यायचंय (गुडघे, डबा आणि केळी)

मे महिन्यात आईबाबा येतायत, आम्ही लेस्टरला असतो. लंडन मागच्या खेपेला झालंय. बाबा रावेरचे, सगळा जन्म केळीत गेला, राजवाडा दाखवतो म्हटलं की "दारं-खिडक्या काय बघायच्या" म्हणतात. म्हणून डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हाऊस डोक्यात आलं, कारण केळीच्या जाती, आपली बसराई काय नि हल्लीची जी-नाईन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या आणि ते नाव चॅट्सवर्थच्या मालकांच्या, कॅव्हेंडिश घराण्याचं. या घराण्यातल्या सहाव्या ड्यूकचा (डेव्हनशायरचा ड्यूक) मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन (तोच तो, १८५१ चा क्रिस्टल पॅलेसवाला), त्याने मॉरिशसकडून आलेलं रोप तिथल्या गरम काचघरात वाढवलं आणि १८३५ ला ते निसवलं (म्हणजे केळफूल आलं). बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "थंडीत चरका नाही बसला का?" (थंडीने केळीला होणारा त्रास) म्हणजे आता यायला तयार आहेत :)

शिवाय ते एम्परर कारंजं, १८४४ ला रशियाच्या झारसाठी केलेलं, झार आलाच नाही ते सोडा, पण मोटर नाही काही नाही, वर टेकडीवर तळं आणि नुसत्या उताराच्या दाबावर पाणी उडतं, हे तर बाबा तासभर बघत बसतील.

तर, नॅशनल ट्रस्टचं (जुन्या वास्तू जपणारी इथली संस्था) सभासद कार्ड तिथे चालतं का? बाबांचे गुडघे दुखतात, कितपत चालावं लागतं? आई बाहेरचं खात नाही, डबा कुठे उघडायचा? आणि केळीचं झाड अजून बघायला मिळतं का?

प्रतिसाद:
कार्ड नाही चालत, तिकीट वेगळं. कार्ड वापरायचंच तर त्याच भागातलं हार्डविक हॉल करा, तेही याच घराण्याचं होतं, दहावे ड्यूक १९५० ला गेले तेव्हा वारसाकर इतका बसला की त्यापोटी ते द्यावं लागलं, आता ट्रस्टकडे आहे. चॅट्सवर्थची बाग १०५ एकर आणि चढाची, सगळी बघायचा हट्ट नको, नुसतं बागेचं तिकीट काढा, कारंजं नि काचघरं करून परत फिरा. डबा खाली डरवेंट नदीकाठी पार्कात, तिथे तिकीट लागत नाही. चटई न्या, गवत ओलं असतं आणि मेंढ्यांच्या लेंड्या असतात.

धागाकर्ता:
धन्यवाद!! पण केळीचं कोणीतरी सांगा ना, बाबा गेटवरच तेच विचारणार.