जुन्या रोडबाइकचे शिफ्टर बदलावेत का?

मामाची_सायकल: काल एका महाशयांनी फर्मान काढलं: "डाउनट्यूबवर शिफ्टर असलेली सायकल एकतर भिंतीवर टांगा, नाहीतर गुपचूप एसटीआय टाका." शिफ्टर म्हणजे गियर बदलायचे लिव्हर; माझे डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर आहेत. एसटीआय म्हणजे ब्रेक लिव्हरमध्येच बसवलेले शिफ्टर. अहो, नुसते शिफ्टर बदलून भागतं का? माझी सायकल ऐंशीच्या दशकातली, मामाने जर्मनीहून आणलेली. मागच्या चिमट्यात, म्हणजे फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथे, 126 मिमी जागा, सहाचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा जुडगा). एसटीआय आठ गियरचे घेतले की 130 मिमीचा हब (चाकाचा मधला भाग) आला, त्यामागून कॅसेट (त्यावरच्या चकत्या), चेन, डिरेलर (चेन सरकवणारा भाग). ब्रेक लिव्हर तर जाणारच. मग मामाचं उरलं काय, रंग? माझ्या लिव्हरला गियरगणिक क्लिक वगैरे काही नाही. चेन खरखरली की लिव्हर केसभर मागे घ्यायचा, आवाज बंद. बारा वर्षांत एकदा वायर बदलली.

घाटउतार: तो फर्मानवाला मीच. पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना गियरसाठी उजवा हात सोडला आणि समोर खड्डा. कॉलरबोनमध्ये प्लेट आहे, हवा तर एक्स-रे टाकतो. शिमानो कंपनीने 1990 मध्ये गियर ब्रेक लिव्हरमध्ये नेले ते हौस म्हणून नाही.

मामाची_सायकल: उतारावर गियर कशाला बदलत होतात? आणि दोष शिफ्टरचा की खड्ड्याचा?

अठ्ठावीस_मिमी: दोष टायरचा. 23 मिमी रुंदीचे टायर, त्यात 120 पीएसआय ठासलेली हवा. बरोबर ना?

घाटउतार: 110. तुम्ही पंप धरून उभे होतात का तिथे?

रम्बलरपीडित: खड्डा परवडला, रम्बलरचं बोला! आमच्या रस्त्यावर वेग कमी करायच्या सहा-सहा उंच पट्ट्या, बाजूने जायला वीतभर जागा नाही. दाताचं सिमेंट निघालं माझं.

अठ्ठावीस_मिमी: 28 घाला, 80 वर ठेवा, दात शाबूत राहतील.

घाटउतार: माझ्या ब्रेकखालून 28 जात नाही. सगळ्यांच्या फ्रेम तुमच्यासारख्या नसतात.

अठ्ठावीस_मिमी: मग 25 घाला. चिडताय कशाला?

फायव्हील: टायरचं भांडण बाहेर न्या. सातचं फ्रीव्हील 126 मध्येच बसतं. शिमानो टूर्नीचे ए070 शिफ्टर ब्रेक लिव्हरमधलेच, आणि सातचेच. सोबत इंडेक्सवाला, म्हणजे क्लिकवाल्या शिफ्टरशी जुळणारा डिरेलर घ्या, हब तोच राहील. स्टीलचा चिमटा 4 मिमी ताणताही येतो. अ‍ॅल्युमिनियम असेल तर नाद सोडा.

मामाची_सायकल: ताणायचं नाव काढू नका. एका दुकानात मित्राची फ्रेम ताणली, गियर आजही उड्या मारतात. वर उत्तर काय, "जुनी सायकल आहे, असंच होणार."

फायव्हील: दोन्ही बाजू सारख्या ताणल्या का, ते दोरी लावून मोजलंच नसेल. ताकद लावली की झालं काम!

घाटउतार: मूळ प्रश्न राहिला. हात सोडावा लागतो की नाही?

मामाची_सायकल: लागतो, बाबा, लागतो! सिंहगडाच्या चढाला लिव्हरकडे वाकलो की सायकल डुलते, हेही लिहून घ्या. टूर्नीचं बघतो. पण जुने लिव्हर विकणार नाही, डब्यात ठेवणार.

घाटउतार: ठेवा. पुढच्या वर्षी माझी प्लेट काढणार आहेत, तीही त्याच डब्यात टाका.