आठ यार्डांच्या रिटर्नला एवढ्या टाळ्या कशाला? (कॅनेडियन फुटबॉल)

रेजायनाचा नवखा

मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर हसून घ्या पण उत्तर द्या. रेजायनात येऊन वर्ष होईल आता, ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून शनिवारी पहिल्यांदाच रफरायडर्सची (इथली कॅनेडियन फुटबॉलची टीम) मॅच बघायला गेलो. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, डोक्यावर अख्खं टरबूज पोखरून हेल्मेटसारखं घातलेलं (इथे ही रीतच आहे म्हणे, कानावरून पाणी ओघळतंय आणि माणूस निवांत). तर झालं असं की समोरच्या टीमनं पंट मारला (हातातून सोडून पायानं लांब उडवलेला बॉल), आपल्या रिटर्नरनं (तो झेलून परत पुढे पळणारा) झेलला आणि असा काही पळाला, डावीकडून उजवीकडे, मग थोडा मागे, परत डावीकडे, तिघांना गंडवलं, मी खुर्चीवरून उभा राहून ओरडतोय आणि आजोबा मात्र डोक्याला, म्हणजे टरबुजाला, हात लावून बसलेले. शेवटी जिथे झेलला होता त्याच्या दोन यार्ड मागेच धरला त्याला.

नंतर तोच माणूस, पुन्हा पंट, झेलला, सरळ पुढे घुसला आणि आठ यार्डांत आडवा. मला वाटलं हे काय, पळालाच नाही. तर आजोबा उठून टाळ्या वाजवतायत!

आता सांगा, चांगला रिटर्नर म्हणजे नक्की काय? मला वाटत होतं टीममधला सगळ्यात जोरात पळणारा उभा करत असतील. आणि हे सगळे एवढे बुटके का असतात? अजून एक, अमेरिकेतल्या मॅचमध्ये बघितलंय की रिटर्नर हात वर करून इशारा देतो आणि झेलून मोकळा होतो, कुणी त्याला हात लावत नाही. इथे एकानंही तसं केलं नाही, का?

हॅमिल्टनकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. हात वर करून सुटका हा प्रकार कॅनडात नाहीच. त्याऐवजी नियम असा की रिटर्नर बॉलला हात लावेपर्यंत समोरच्यांनी त्याच्यापासून पाच यार्ड लांब राहायचं, आत आलं की फ्लॅग, म्हणजे फाउल, ‘नो यार्ड्स’ म्हणतात त्याला, पुढच्या मॅचला कान देऊन ऐक, दर थोड्या वेळानं पब्लिक ओरडत असतं. म्हणजे चित्र काय होतं बघ, हा वर बघत उभा आणि भोवती चार-पाच जण पाच यार्डांवर येऊन थबकलेले, कोळणीच्या टोपलीभोवती मांजरं बसतात तसे. बॉल हातात पडला की सगळे एकदम अंगावर. आणि झेलायचा नाही असं ठरवून लांब उभं राहावं तर तेही धोक्याचं, कारण पंट मारणारा स्वतः किंवा किकच्या वेळी त्याच्या मागे असलेला कुणीही पळत येऊन तो जमिनीवरचा बॉल उचलू शकतो, त्यांना पाच यार्डांचं बंधन नाही.

त्यामुळे पहिली गोष्ट झेल. वेगबिग नंतर. प्रेअरीवरच्या वाऱ्यात उंच गेलेला पंट खाली येताना कसा वळतो ते तू स्टेडियममध्ये बघितलंच असशील, क्रिकेटमध्ये लाँगऑनला वर गेलेला कॅच आठव, फक्त इथे चेंडू लांबुळका आहे आणि झेल घेतल्यावर तुला चिरडायला माणसं उभी आहेत. बॉल हवेत असतो चार सेकंद, कधी थोडं जास्त. तेवढ्यात त्यानं एकदा खाली नजर टाकून बघायचं असतं, कोण कुठून येतोय, साइडलाइन किती जवळ आहे, आपले ब्लॉकर (समोरच्यांना अडवून वाट करून देणारे) कुठल्या बाजूला भिंत लावतायत, आणि परत वर बघून बॉल शोधायचा. ज्याला ती एक नजर टाकायची हिंमत नाही तो कितीही जोरात पळो, चाचपडत पळतो.

आता आजोबांच्या टाळ्या. आपल्याकडे डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायचे प्रयत्न, तीनच, अमेरिकेसारखे चार नाहीत. दोन प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत की तिसऱ्याला बहुतेक वेळा पंट. म्हणजे पंटही जास्त, आणि एकेका यार्डाची किंमतही जास्त. आठ यार्ड सरळ पुढे मिळाले म्हणजे ऑफेन्सचं, बॉल घेऊन पुढे जाणाऱ्यांचं, जवळजवळ एका डाउनचं काम फुकटात झालं. पहिल्या वेळी जे केलं त्यात उलट दोन यार्ड गेले, आणि बारा माणसं दमली ती वेगळीच.

आणि तो आडवा का पळाला तेही सांगतो. मैदान 65 यार्ड रुंद आहे, अमेरिकेतलं 53 च्या आसपास. बाजूला एवढं हिरवं रान दिसतं की मोह होतोच, अजून जरा तिकडे गेलं तर रस्ता मिळेल. कॉलेजातून नवीन आलेल्या पोरांना हीच मोकळी जागा खाते. तू बाजूला वीस यार्ड पळतोस तोवर समोरचेही तेवढेच पळून येतात ना बाबा. बाजूला एक पाय, मग सरळ वर. दोन पाय घेतले की मेला.

कोपरारक्षक

हॅमिल्टनकरांशी सहमत, पण बुटक्यांचं कुणी सांगितलंच नाही. मी सांगलीकडचा, शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलो, कोपऱ्यात असायचो, तर टॅकल करणाऱ्याच्या, म्हणजे पकडून पाडणाऱ्याच्या, बाजूनं सांगतो. उंच चढाईपटूला धरायला अंग मिळतं. ठेंगणा, जाड मांड्यांचा, खाली वाकून येणारा असला की हात कुठे घालायचा तेच कळत नाही, कंबर धरायला जावं तर तिथे खांदा असतो. टोरोंटोचा मायकल क्लेमन्स बघा, साडेपाच फूट. कोचनं त्याचं नाव ‘पिनबॉल’ ठेवलं कारण अंगावर आदळून हा भलतीकडूनच बाहेर यायचा. 1997 मध्ये त्यानं रिटर्न, धावणं, पास झेलणं सगळं मिळून 3,840 यार्ड काढले, तो विक्रम 2012 ला टोरोंटोच्याच चॅड ओवेन्सनं मोडला, 3,863. ओवेन्सही काही ताडमाड नाही. एडमंटनचा गिझमो विल्यम्सही त्याच मापाचा.

आणि चढाईत जसं डावा कोपरा पुढे सरकला हे न बघता कळावं लागतं तसंच हे. पायाला कळतं, डोक्याला नंतर.

जुना आर्गो

तुम्ही सगळे वेगाला फारच खाली ढकलताय राव. 1991 चा ग्रे कप (लीगची फायनल), विनिपेग, कडाक्याची थंडी, आमच्या टोरोंटोचा रॉकेट इस्माइल. चौथ्या क्वार्टरमध्ये किकऑफ (खेळ सुरू करायची किक) घेतला आणि 87 यार्ड, टचडाउन, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या गोलरेघेपलीकडे. प्रेक्षकांतून कुणीतरी बिअरचा कॅन फेकला त्याच्या अंगावर, पळता पळता, तो पायाजवळ फुटला आणि हा थांबलासुद्धा नाही. टोरोंटो 36, कॅल्गरी 21. त्यात काय डोकं होतं? निव्वळ पाय होते. वेग नसेल तर तुमचा तो एक पाय बाजूला आणि मग सरळ, आठ यार्डांवरच संपतो, दर वेळी.

हॅमिल्टनकर

आर्गोसाहेब, किकऑफ आणि पंट एका तराजूत नका घालू. किकऑफला माणसं लांबून येतात, रिटर्नरला झेलून वेग घ्यायला जागा असते, तिथे रॉकेटच हवा. पंटला ती माणसं आधीच नाकासमोर असतात. तिथे उभ्या जागेवरून सुटणं महत्त्वाचं, शंभर मीटरचा टाइम नाही. आणि रॉकेटनं सुद्धा फट आधी बघितली होती, व्हिडिओ परत बघा.

बर्फाचं उदाहरण देतो, 1996, आमच्याच हॅमिल्टनला ग्रे कप, मैदान दिसेना एवढा बर्फ. त्यात टोरोंटोच्या जिमी कनिंगहॅमनं 80 यार्डांचा पंट रिटर्न टचडाउन केला आणि एडमंटनकडून गिझमोनं 91 यार्डांचा किकऑफ. एकाच मॅचमध्ये दोन्ही! तिथे कुणाचाच टॉप स्पीड लागत नव्हता. 2018 ला एडमंटनच्या निसरड्या मैदानावर कॅल्गरीच्या टेरी विल्यम्सनं 97 यार्ड काढले ते पण तसंच, टॅकल करणारे घसरतायत आणि हा छोटी छोटी पावलं टाकत उभा राहिला. लांब ढांग टाकणारा अशा दिवशी तोंडावर पडतो.

बर्लिंग्टनची आई

खेळाचं मला फार कळत नाही, पण माझा मुलगा चौदा वर्षांचा, इथल्या पोरांच्या टीममध्ये पंट झेलतो, तर मी दोन वर्षं मंगळवार-गुरुवार कुंपणाला टेकून उभी असते. सुरुवातीला मला वाटायचं पळायची प्रॅक्टिस घेतील. छे. कोच त्याच्या काखेत एक बॉल देतो आणि वरून दुसरा मारतो, पहिला न सोडता दुसरा झेल. जमलं की दुसऱ्या काखेत अजून एक. हातांनी पकडायला हात शिल्लकच राहत नाहीत, मग तो पोटाशी, छातीशी घेतो, बाळ घेतात तसं. कोपर आत, बॉल अंगावर पडू द्यायचा, बॉलवर झडप घालायची नाही. आणि वर एक मुलगा समोर उभा राहून टॉवेल फडकवत आरडाओरडा करत असतो.

एकदा मॅचमध्ये यानं हातातून सोडला, समोरच्यांनी उचलला, तिथूनच टचडाउन. आधीच्या टीमच्या कोचनं सगळ्यांसमोर एवढं झापलं की पुढचे तीन पंट हा झेलायलाच गेला नाही, बॉल घरंगळत मागे मागे जायचा. या वर्षीचा कोच वेगळा आहे. याच्याकडून सुटला की पुढच्या पंटला यालाच परत पाठवतो, काही बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो, जा. गेल्या महिन्यात सुटल्यानंतरचा पुढचाच झेलून पोरानं बारा यार्ड काढले. मला विचाराल तर रिटर्नरला विसरता यायला हवं. आमच्या घरात तो गणिताचा पेपरही असाच विसरतो तो भाग वेगळा.

कोपरारक्षक

आईंना सलाम, काखेतल्या बॉलवालं भारी.

अजून एक राहिलं. सगळं श्रेय-अपश्रेय त्या एकट्याला देऊ नका. 2014 चा ग्रे कप, व्हँकुव्हर, हॅमिल्टन मागे, शेवटचं मिनिट, ब्रँडन बँक्सनं पंट घेतला आणि 90 यार्ड, टचडाउन, आमच्या घरात लोक सोफ्यावर चढले. आणि खाली बघतो तर फ्लॅग. आपल्याच एका ब्लॉकरनं मागून ढकललं होतं. टचडाउन रद्द, कॅल्गरी 20-16 नं जिंकली. चांगला रिटर्नर भिंतीच्या मागे अर्धा क्षण थांबतो, ब्लॉकरला समोरून गाठू देतो. घाई केली की बिचारा ब्लॉकर मागून हात घालतो. त्या दिवशी बँक्सची चूक नव्हती हेही खरं, तो हात घातला नसता तरी बँक्स निसटलाच असता असं मला अजून वाटतं.

जुना आर्गो

ती जखम उकरू नका, हॅमिल्टनकर आता दोन दिवस इथे येणार नाहीत.

नवख्यासाठी एक राहिलंय, रूज. किक एंडझोनमध्ये (गोलरेघेमागचा पट्टा) गेली आणि रिटर्नरनं बॉल बाहेर आणला नाही तर समोरच्यांना एक पॉइंट. म्हणून आत उभ्या माणसाला ठरवावं लागतं, गुडघा टेकून एक पॉइंट देऊन टाकावा आणि बऱ्या जागेवरून बॉल घ्यावा, का बाहेर काढून दोन-चार यार्डांवर अडकावं. एका पॉइंटनं पुढे असाल आणि शेवटचं मिनिट असेल तर तो गुडघा म्हणजे बरोबरी. हा हिशोब चुकवलेले भले भले बघितलेत मी.

आणि फील्ड गोल (गोलपोस्टमधून मारायची किक) हुकला तरी बॉल जिवंत असतो. 1987 च्या ग्रे कपला टोरोंटोचा गोल हुकला, गिझमो एंडझोनमध्ये पाच यार्ड आत उभा होता, तिथून निघाला तो थेट 115 यार्ड. आमचे टोरोंटोचे लाइनमन, आडदांड, गोल अडू नये म्हणून उभे केलेले, ते काय पकडणार त्याला. मॅच 38-36 नं गेली. म्हणजे वेग मी उगाच म्हणत नाही!

आता लीग 2027 पासून मैदान 100 यार्डांचं करणार, एंडझोन 15 ची, गोलपोस्टही मागच्या रेघेवर. रूजही 2026 पासून कमी केलाय, बॉल आपसूक मागून बाहेर गेला तर पॉइंट नाही. म्हणजे पुढे अगदी मागच्या रेघेवरून निघालं तरी 115 च होतात. गिझमोचा आकडा छप्पर होऊन बसणार, आणि पोस्ट मागे गेल्यावर हुकलेला बॉल आत राहणार तरी किती वेळा. मला नाही पटलेलं.

रेजायनाचा नवखा

बाप रे, एवढं असेल वाटलं नव्हतं. काल 2022 चा ग्रे कप लावला, हा आमच्याच रेजायनात झालेला, विनिपेगच्या जनारियन ग्रँटचा 102 यार्डांचा पंट रिटर्न. आधी जसा बघायचो तसा बघितला, मग हॅमिल्टनकरांनी सांगितलं तसं बॉल हवेत असताना थांबवून थांबवून. तीनदा बघितल्यावर मला त्याच्याआधी ब्लॉकर दिसायला लागले. आणि तरी विनिपेग 24-23 नं हरली, ते काही झेपलं नाही.

पुढच्या शनिवारी परत जातोय, या वेळी तिकीट स्वतः काढलंय, आजोबांच्याच रांगेत. टरबूज किती आधी पोखरून ठेवायचं असतं कुणाला माहितीये का?

बर्लिंग्टनची आई

आदल्या रात्री पोखर, उलटं करून निथळत ठेव आणि आत स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल लाव. आतला गर टाकू नकोस, मीठ-मिरपूड घालून डब्यात ने.

जुना आर्गो

आणि ऑक्टोबरनंतर नको. डोक्यावर गोठतं.